बेडकातला एसी

सरांच्या निवृत्तीच्या समारंभात सहा जणांची भाषणं झाली. सातवं सरांचं. ते उठले, खिशातून पाठकोऱ्या कागदांची शिवलेली वही काढली आणि तिच्यातून वाचून दाखवलं, “अध्यक्ष, एकतीस मिनिटं. प्राचार्य, बावीस. सगळे मिळून दोन तास चार मिनिटं, त्यात माझ्याबद्दल नऊ. शाल दोनशे साठ ग्रॅम. नारळ पाचशे दहा. आभारी आहे.” आणि खाली बसले. शाल-नारळाचं वजन त्यांनी भाषणं चालू असताना टेबलाखाली ताणकाट्याला अडकवून केलं होतं. प्रयोगशाळेतला तो छोटा, आकड्याचा काटा त्यांच्या पिशवीत कायम असे. भाजी घेताना तो निघाला की मंडईतल्या बायका एकमेकींना म्हणायच्या, “आला गं काटेवाला.”

मी त्याच कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होतो. म्हणजे तास झाला तर पैसे, नाही झाला तर अनुभव. मला पहिल्या दोन वर्षांत अनुभव बराच मिळाला. बीडमध्ये राहायला खोली मिळाली ती सरांच्या घराच्या वरच्या मजल्यावर. मजला म्हणजे एक खोली, एक मोरी आणि पाण्याची टाकी. खोली दाखवताना सरांनी विचारलं, “विषय कोणता?” मी सांगितला. त्या दिवसापासून त्यांनी मला नावानं हाक मारली नाही. “मराठी, पाणी आलंय.” “मराठी, जेवला का?” त्यांच्या दृष्टीनं माणूस म्हणजे त्याचा विषय. इंग्रजीचे एक प्राध्यापक अधूनमधून भेटायला यायचे, त्यांना सर दारातूनच “या, इंग्रजी” म्हणायचे आणि त्यांनाही त्यात काही वावगं वाटत नसे.

सरांचा विषय भौतिकशास्त्र आणि शब्द दोन: “मोजलं का?” कुणी म्हणालं आज लई ऊन हाय, की “मोजलं का?” कुणी म्हणालं अमक्या पुढाऱ्याच्या सभेला लाख माणूस होतं, की “मोजलं का?” एकदा तर तो पुढारीच त्यांच्या तावडीत सापडला. तो काळ्या काचांच्या सहा पांढऱ्या गाड्या घेऊन कॉलेजात आला होता आणि येताना शंभर गाड्या मागं होत्या असं सांगत होता. सर गेटवर उभे होते. म्हणाले, “सहा. त्यातली एक रिकामी.”

बाई म्हणजे सरांच्या पत्नी. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होत्या, बरीच वर्षं बीडजवळच्या पालीला. त्यामुळं गावानं त्यांना बाई म्हणायला सुरुवात केली, मग गल्लीनं आणि शेवटी सरांनी. त्या सरांना सर म्हणायच्या. घरात एकमेकांना सर आणि बाई म्हणणारं जोडपं मी दुसरं पाहिलं नाही. कधीकधी वाटायचं आपण खोलीत भाड्यानं राहत नसून स्टाफरूममध्ये राहतो.

निवृत्तीनंतर आमच्याकडं माणूस प्लॉट घेतो, मजला चढवतो, नाहीतर कोचिंग क्लास काढतो. सर एके दिवशी एसटीनं पुण्याला गेले आणि येताना लाल रंगाची मोटार चालवत आले. परदेशी बनावटीची, पंचवीस वर्षांची, दोन माणसांची. इतकी ठेंगणी की गल्लीतला बैल तिच्या टपावरून पलीकडं बघू शकत होता. लष्करातल्या एका डॉक्टरांची ती गाडी. ते गेल्यावर त्यांच्या पत्नीनं विकली. दिवे लावायचे झाले की बॉनेटमधून दोन डोळे वर यायचे. पहिल्याच संध्याकाळी गल्लीतल्या पोरांनी तिचं नाव बेडूक ठेवलं आणि पुढं सरही तिला बेडूकच म्हणायला लागले.

बाई तिच्याभोवती एक फेरी मारून म्हणाल्या, “सर, ह्याच्यात बसायचं का हे अंगात घालायचं?”

एवढी वर्षं रिक्षा आणि स्कूटरवर काढलेल्या माणसानं हे का घेतलं, असं मी एकदा विचारलं. सर म्हणाले, “हलकी वस्तू कशी वळते हे मी पोरांना तेहतीस वर्षं फळ्यावर शिकवलं. खडूनं. एकदा स्वतः वळून बघायचं होतं.” मग मला शेजारी बसवून पालीच्या पुढच्या घाटात घेऊन गेले. एका वळणावर माझ्या तोंडून किंकाळी निघाली. सर म्हणाले, “बघ. डांबराला कळायच्या आत वळली.” त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे एकमेव मोजमाप नसलेलं वाक्य.

आता मूळ भानगड सांगतो. या गाडीत कारखान्यातून आलेला एसी नव्हता. डॉक्टरांनी तो नंतर बसवून घेतला होता आणि इंजिनाला तो झेपत नव्हता. बार्शी रोडवर एक मिस्त्री होते, ट्रॅक्टरपासून जीपपर्यंत सगळं उघडणारे. त्यांनी पहिल्याच भेटीत बॉनेट उघडलं, आत बोट फिरवलं आणि निकाल दिला. “सर, इसका दिल छोटा हाय. उसपे ये एसी का बोझा. निकाल डालो. नै तो एक दिन इंजिन बैठ जाएगा, और इसका सामान इधर मिलता नै.”

सर म्हणाले, “बोझा किती?”

“होगा पचीस-तीस किलो.”

“मोजलं का?”

“खोले बगैर कैसे मोजेंगे, सर?”

तिथं सगळं अडलं. काढल्याशिवाय वजन कळेना आणि वजन कळल्याशिवाय काढायचा नाही, असा सरांचा निश्चय. या एका मुद्द्यावर वर्षभर गेलं. ज्या गाडीचा सगळा अर्थ तिच्या हलकेपणात होता, तिच्या नाकावर कुणीतरी लोखंड टांगून ठेवलं होतं. ते काढणं हाच न्याय. शिवाय इंजिन वाचणार. दुसऱ्या बाजूला एकच गोष्ट होती. बाई.

बाईंना ऊन चालत नसे. चालत नसे म्हणजे नाजूकपणा नव्हे. एका निवडणुकीच्या ड्यूटीत मे महिन्यात पत्र्याच्या शाळेत दोन दिवस बसून त्यांना ऊन लागलं होतं आणि सरकारी दवाखान्यात तीन दिवस सलाइनवर काढावे लागले होते. तेव्हापासून जरा ऊन डोक्यात गेलं की उलटी, चक्कर. आणि त्यांची आई राहायची सिरसाळ्याला. वय नव्वदीच्या आसपास, बीडला यायला तयार नाही. बाई दर रविवारी आईकडं जायच्या. एखादा रविवार चुकला तर म्हातारी उंबऱ्यावर दिवस मावळेपर्यंत बसून राहायची. सरांच्या निवृत्तीआधी बाई उन्हाळाभर पहाटेची पहिली एसटी धरून जायच्या आणि सोमवारी पहाटे परत. बेडूक आल्यावर पहिल्यांदा त्या नवऱ्याशेजारी बसून, काचा वर करून, गार हवेत, भर दुपारी सिरसाळ्याहून परत येऊ लागल्या. वाटेत दोघं काय बोलायचे ठाऊक नाही. पण उतरताना बाईंच्या चेहऱ्यावर लग्नाला जाऊन आल्यासारखं काहीतरी असायचं.

सरांनी या प्रश्नाची चौकशी सुरू केली. चौकशी हा शब्द त्यांचाच. वहीत रकाने पाडले: तारीख, ठिकाण, बाहेरचं तापमान, इंजिनाच्या तापमानाचा काटा, एसी चालू की बंद, शेरा. शेरा बाईंचा. त्या गाडीत बसून जे बोलतील ते जसंच्या तसं. ती वही मी पाहिली आहे. “वडवणी. बेचाळीस. काटा पाऊण. चालू. शेरा: गवारीची भाजी आणायची राहिली.” “तेलगाव. चव्वेचाळीस. काटा लालजवळ. चालू. शेरा: आईचं ऐकू येणं कमी झालंय.” “तेलगावच्या पुढे. काटा लाल. बंद केला. शेरा: (गप्प).”

मग एका रविवारी ते गाडीचं वजन करायला निघाले. जिनिंग मिलच्या बाहेर वजनकाटा होता, कापसाच्या गाड्यांसाठी. बाई शेजारी आणि मागून मी स्कूटरवर, साक्षीदार म्हणून. काट्यावर पुढं कापसाचा ट्रक, मागं ट्रॅक्टर, मध्ये बेडूक. काट्यावरच्या माणसानं खिडकीतून वाकून विचारलं, “काय भरलंय, सर?”

“काही नाही.”

“मग कावून मोजायले?”

“रिकामं किती आहे ते बघतोय.”

त्यानं आकडा सांगितला. सर म्हणाले, “बाई, जरा उतरा.” बाई भर उन्हात उतरल्या, पदर डोक्यावर घेऊन काट्याच्या कडेला उभ्या राहिल्या. काटा दहा किलोंच्या टप्प्यानं चालणारा. आकडा पन्नास-साठनं उतरला. बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, “मग एसी कावून काढता? मलाच काढा की. दुप्पट फायदा हाय.”

काट्यावरचा माणूस हसला, ट्रॅक्टरवाला हसला, मीही हसलो. सरांनी मान खाली घालून ते वाक्य शेऱ्याच्या रकान्यात लिहून घेतलं.

आता हे सगळं आठवताना एक गोष्ट लक्षात येते, जी त्या वर्षभरात बाई सोडून आमच्यापैकी कुणाच्याच नीट लक्षात आली नाही. सरांनी एसीबद्दल सगळ्यांना विचारलं. मिस्त्रींना चारदा. मला रोज. इंग्रजीच्या प्राध्यापकांना, ज्यांना सायकलसुद्धा येत नव्हती. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीसाठी गाडी मागायला वस्तीतली पोरं आली, तर त्यांनाही विचारलं. पोरांना बेडूक सगळ्यात पुढं हवा होता, फोटो बॉनेटवर ठेवून. सर म्हणाले, “बॉनेट तापतं. फोटोला ट्रॅक्टरच बरा, उंच आणि थंड. बरं ते असू दे, तुमचं काय म्हणणं आहे, एसी काढावा का?” पोरांतला एक म्हणाला, “सर, आमी आयुष्यात एसीत बसलो न्हाई, आमाला काय इचारता?” सरांनी त्या पोराला शेजारी बसवून नगर रोडनं एक चक्कर मारून आणली आणि मग पुन्हा विचारलं. पोरगा म्हणाला, “राहू द्या सर.” तेही वहीत आहे. फक्त बाईंना त्यांनी विचारलं नाही. बाईंची प्रत्येक गोष्ट त्यांनी लिहून घेतली, मत सोडून.

आणि बाईंनी ते आपणहून दिलं नाही. मी एकदा जिन्यात त्यांना म्हटलं, “बाई, तुम्ही एकदा ठेवा म्हणा, संपलं.” त्या मटकी निवडत होत्या. “गाडी त्यांची, मराठी. जन्मभर एक गोष्ट हौसेनं घेतली. आता मी म्हणू, माझ्यासाठी ती जड करा?” मग खडा बाजूला टाकून, “पर त्यांनी इचारलं असतं तर बरं वाटलं असतं.”

एप्रिलच्या शेवटी मिस्त्रींनी मधला मार्ग सुचवला. एसी काढायचा नाही, फक्त त्याचा पट्टा काढायचा. कॉम्प्रेसर फिरणार नाही, इंजिनावर ताण नाही. महिनाभर तसं चालवून बघा, बरं वाटलं तर सगळंच खोलू. सरांना हे पसंत पडलं, कारण याला प्रयोग म्हणता येत होतं. पट्टा निघाला.

पहिल्या रविवारी बाई ओला टॉवेल डोक्यावर घेऊन गेल्या. काटा मध्यावर राहिला. शेरा: “बरं हाय.” दुसऱ्या रविवारी दोन टॉवेल. शेरा: “बरं हाय.” घरी आल्यावर त्या मोरीत जाऊन ओकल्या, हे मला वरून ऐकू आलं. सरांनाही आलं असणार. ते अंगणात बॉनेट उघडून उभे होते आणि आत काहीच बघत नव्हते.

तिसऱ्या रविवारी सकाळी आठ वाजता बाई पिशवी घेऊन बाहेर आल्या. म्हणाल्या, “सर, मी एसटीनं जाते.”

“का?”

“तुमचा प्रयोग महिनाभर हाय ना? चालू द्या. तवर मी एसटीनं. खिडकीत वारा तरी लागतो. आन् अर्धं तिकीट हाय.” आवाजात राग नव्हता. त्यामुळं जास्त वाईट वाटलं. त्या रिक्षात बसून गेल्या.

सर पाच-एक मिनिटं फाटकात उभे राहिले. मग वर बघून ओरडले, “मराठी, चप्पल घाल. वही धरायला चल.”

आम्ही स्टँडवर पोचलो तेव्हा सिरसाळ्यावरून जाणारी परळीची गाडी बाहेर पडत होती. बाईंना सगळ्यात मागचा बाक मिळाला होता. मागच्या काचेतून त्यांचा पांढरा रुमाल दिसत होता. सरांनी बेडूक एसटीच्या मागं लावला आणि मला म्हणाले, “पेन्सिल काढ.”

बायकोच्या एसटीमागून इतकी चपळ गाडी इतक्या हळू कुणी चालवली नसेल. एसटी थांबली की आम्ही थांबायचो. ती खड्डा चुकवायची, आम्हीही चुकवायचो. पाचवा गिअर टाकायची वेळ एकदाही आली नाही. काचा खाली, आत भट्टी, पायाखाली पत्रा तापलेला. काटा मात्र बरोबर मध्यावर, हलायला तयार नाही. इंजिन इतकं छान मी कधी ऐकलं नव्हतं. मिस्त्रींचं म्हणणं शंभर टक्के खरं ठरत होतं आणि सर एकदाही काट्याकडं बघत नव्हते.

बीड सोडल्यावर थोड्या वेळानं म्हणाले, “एक लिही.”

“काय, सर?”

“रेघ मार. एक.”

मी मारली. पुढं काही अंतरावर, “अजून एक.” मला वाटलं गतिरोधक मोजतायत. पण दोन गतिरोधक गेले, सर गप्प. मग वाटलं थांबे. तेही जुळेना. मी विचारायचं सोडून दिलं आणि सांगतील तशा रेघा मारत राहिलो.

वडवणीच्या स्टँडवर एसटी दहा मिनिटं थांबली. घशाला कोरड पडली होती म्हणून आम्ही उतरून टपरीवर चहा घेतला. कंडक्टरही तिथंच आला. सरांना ओळखत असावा. म्हणाला, “काय सर, एवढी भारी गाडी आन् बीडपासून आमच्या मागं मागं कावून?”

“बाई गाडीत आहेत.”

त्यानं बेडकात वाकून पाहिलं. “कोणत्या गाडीत?”

“तुमच्या.”

कंडक्टरनं चहाचा घोट घेतला, माझ्याकडं बघितलं आणि घंटी मारायला गेला. त्यानंतर मात्र एसटी जरा बेतानं चालली असं मला वाटतं. मोजलेलं नाही.

सिरसाळ्यात फाट्यावर बाई उतरल्या. आम्ही समोरच. त्यांनी आमच्याकडं पाहिलं, पण बेडकात बसल्या नाहीत. बसायला जागा नव्हतीच, मी बसलो होतो. त्या पुढं चालत आणि आम्ही मागून, चालत्या माणसाच्या वेगानं. गावातल्या कुत्र्यांनीसुद्धा आम्हाला मागं टाकलं.

घरी म्हातारी उंबऱ्यावर बसली होती. मुलगी, जावई आणि एक परका मास्तर असे तिघं बघून तिनं मोठ्यानं विचारलं, “बेंडकात तीन माणसं मावत्यात?” बाईंनी आईला पाणी दिलं, मला दिलं, सरांना दिलं. पत्र्याखालच्या सावलीत आम्ही बसलो. सरांनी तांब्या खाली ठेवला आणि वर्षभरात पहिल्यांदा योग्य माणसाला विचारलं.

“बाई, एसी काढू का नको?”

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाल्या, “मोजलं का?”

“काय मोजू?”

“मी एसटीतून किती डाव मागं बघितलं ते.”

त्या थट्टा करत होत्या. नवऱ्याचा शब्द नवऱ्याला परत देत होत्या, एवढंच. पण सरांनी माझ्याकडं हात पुढं केला. “वही.” मी दिली. त्यांनी पान उघडलं, रेघांवरून बोट फिरवलं.

“अकरा.”

बाईंची थट्टा तिथंच थांबली. त्यांनी वही हातात घेतली, लांब धरून पाहिली. माझ्या वेड्यावाकड्या रेघा, वाटेतल्या धक्क्यांनी तिरप्या झालेल्या. त्यांनीही बोटानं मोजल्या, शिक्षिका मोजते तशा, ओठ हलवत.

“बारा,” त्या म्हणाल्या. “वडवणीला तुमी च्या प्यायला उतरलता, तवा एकदा.”

मी सरांकडं पाहिलं. ज्या माणसानं प्राचार्यांचं वयसुद्धा दाखल्याशिवाय मान्य केलं नव्हतं, त्यानं माझ्याकडून पेन्सिल घेतली, काही एक न विचारता बारावी रेघ मारली आणि वही मिटली. मग मला म्हणाले, “मराठी, तू आता एसटीनं जा. मिस्त्रीला सांग, उद्या पट्टा चढव.”

मिस्त्रींना मी संध्याकाळी निरोप दिला. ते म्हणाले, “मालूम था. पट्टा मैं घर कू लाया इच नै. उनकीच डिक्की में रखेला हाय.”

पट्टा चढला. काटाही चढतो. पुढं मला लातूरकडं कायमची नोकरी लागली आणि खोली सुटली, पण बाईंचा फोन येतो. तेलगावच्या अलीकडं एक लिंबाचं झाड आहे, तिथं ते दर रविवारी बेडूक उभा करतात आणि काटा उतरायची वाट बघत डबा खातात. काट्यावर लक्ष आता बाई ठेवतात. सर फक्त वळवतात. एसीचं वजन किती, ते अजून कुणालाही माहीत नाही.

त्या दिवशी दुपारी परतीच्या एसटीत मलाही मागचाच बाक मिळाला. सर आणि बाई ऊन उतरल्यावर निघणार होते, तेव्हा रस्त्यावर लाल काही दिसणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. तरी वडवणी येईपर्यंत मी चार वेळा मागं वळून पाहिलं. चारही वेळा नुसता रस्ता.